चिंधी बांधलेलं वांगं

वरणगाव
१२ सप्टेंबर २०२४

आदरणीय नाना,
जयभीम.

माझं सगळं बदललं ते एकवीस ऑगस्टला, दुपारी सव्वादोन वाजता, कॉलेजच्या रोपवाटिकेत. त्याआधी मी बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होतो. त्यानंतर मी कोणीच नाही. सरांनी विचारलं, टोमॅटोचे ट्रे कोणी वाळवले? पाण्याची पाळी माझी होती, हे कबूल. पण ‘तुझ्याच्याने कुंडीतला मनीप्लांट जगायचा नाही’ असं सगळ्या वर्गासमोर बोलायची गरज होती का? मी समोरचा ट्रे उचलून आपटला, वही फेकली आणि निघालो.

फाटकापाशी मागून एक मुलगी आली. नाव सांगत नाही. वर्षभर जिच्यासाठी मी पहिल्या बाकावर बसलो, ती. मला वाटलं, थांबवायला आली. ती म्हणाली, “प्रशील, तू पेटतोस लवकर, पण तुझ्यावर कपभर चहासुद्धा उकळत नाही. एक गोष्ट शेवटपर्यंत नेऊन दाखव, मग माझ्याशी बोल.”

बास. तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरतंय.

आईने संधी बरोबर साधली. तुमच्या डोळ्यांसाठी तुम्हाला धुळ्याला बोलावलं आणि तुमच्या अंगणाला पाणी घालायला मला वरणगावला पाठवलं. पप्पा म्हणाले, एक कामाचा माणूस घरात आला आणि एक बिनकामाचा बाहेर गेला, हिशेब बरा झाला.

तुमचं अंगण मोजलं. भरताच्या वांग्यांची अकरा रोपं, गिलक्याचा एक वेल, मेथीचा वाफा, कोथिंबिरीचा वाफा, मिरचीची सहा झाडं. मी ठरवलंय, नाना. ही वांगी मी शेवटपर्यंत नेणार. टोपली भरून तिच्यासमोर ठेवणार आणि म्हणणार, बोल आता. तोपर्यंत धुळ्यात पाय ठेवणार नाही.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी बोललो की गल्लीला ऐकू जातं, म्हणून पत्र लिहितोय. हे आईला दाखवू नका. पप्पांना तर नाहीच.

तुमचा,
प्रशील

*

धुळे
२० सप्टेंबर २०२४

चि. प्रशील,
जयभीम.

पत्र मिळालं. निळं पेन, मुंगीएवढं अक्षर. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि उजवा आधीच अधू आहे. मला त्यात फक्त ‘नाना’ आणि ‘वांगी’ एवढंच दिसलं. पुढच्या वेळी काळ्या पेनाने आणि मोठ्या अक्षरात लिही. मजकूर मात्र कळला. तुझी अट पाळली आहे, आईला दाखवलेलं नाही. मी स्वतः कागदावर पट्टी ठेवून अंदाजाने लिहितो. ओळी चढल्या-उतरल्या तर सांभाळून घे.

त्या मुलीचं तुझं तू बघ, आजोबाने त्यात पडू नये. अंगण माझं आहे, त्याचं सांगतो. पाणी सकाळी दे, बुडाशी दे, पानांवर उडवू नको. जमिनीत बोट घालून बघायचं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. युरिया चिमूटभर, बुडापासून वीतभर लांब. वांग्याच्या शेंड्याने मान टाकली तर आत अळी आहे असं समज. तेवढा शेंडा खुडून जाळून टाक.

आणि फाटक. बाहेर जाताना साखळी अडकवायची. समोरच्या पुनाच्या शेळ्या फाटक ढकलून बघतात. त्यांना सवय आहे.

हे वांगं साधं नाही. फॅक्टरीत माझ्या शेजारच्या मशीनवर नूर महंमद होता. त्याच्या वडिलांपासून चालत आलेलं बी त्याने मला एकोणनव्वद साली कागदाच्या पुडीत दिलं. तो गेला, त्यांचं अंगणही गेलं. त्याची मुलगी मेहरुन भुसावळला असते. तिने आता नवीन घराच्या मागे जागा केली आहे आणि यंदा माझ्याकडे बी मागितलं आहे. मी देतो म्हणालो. होतं नव्हतं ते सगळं यंदा पेरलं आहे, डबा रिकामा आहे. शेवटी बियाण्याचं काय करायचं ते शेजारच्या सुमनबाईला ठाऊक आहे. तिला विचार.

देवचंद नाना

*

वरणगाव
९ ऑक्टोबर २०२४

आदरणीय नाना,
जयभीम.

मेथी गेली. आधीच सांगून टाकतो. कोथिंबीरही गेली.

झालं असं, की रविवारी सकाळी मोबाईलवर त्या मुलीचा फोटो दिसला. कॉलेजच्या प्लॉटवर उभी आहे, हातात खुरपं, आणि हसतेय. मी नसताना हसतेय. माझं डोकं फिरलं. तसाच उठलो आणि बसस्टँडपर्यंत तरातरा चालत गेलो. परत आलो तर पुनाच्या चार शेळ्या वाफ्यात. एक तर गिलक्याच्या मांडवावर पुढचे पाय टेकून उभी होती, लग्नात फोटो काढायला उभं राहावं तशी. मी पुनाच्या दारात जाऊन नको ते बोललो. तो शांतपणे बिडी ओढत राहिला आणि म्हणाला, “भाऊ, शेळीले काय समजते? फाटक उघडं दिसलं तं तिले वाटलं बोलावणं आहे.” सगळी गल्ली हसली. मी त्याच्याशी आता बोलत नाही.

वांग्यांचं सांगतो. तुम्ही चिमूटभर युरिया म्हणालात. चिमटीने काय होणार, असं वाटून मी प्रत्येकाला मूठभर टाकला. मला लवकर फळं हवी होती. चार रोपांची पानं कडेने जळली, दोन मेली. पाणीही जास्त झालं असं सुमनबाई म्हणतात. त्या रोज कुंपणापलीकडून काहीतरी सांगतात. मी हं हं म्हणतो.

नऊ रोपं उरली आहेत. कॉलेजात दोन सेमिस्टर शिकलो, नत्र-स्फुरद-पालाश तोंडपाठ आहे, आणि अंगणातली नऊ झाडं मला जुमानत नाहीत. रोज सकाळी त्यांच्यासमोर उभा राहतो तेव्हा वाटतं, तीपण म्हणतायत, चहा उकळत नाही तुझ्यावर.

खरं सांगू? ती मुलगी मला समजते काय? स्वतः पहिल्या बाकावर बसून सरांच्या पुढेपुढे करते. मला तिचा राग येतो. आणि राग आला की तिच्याशीच बोलावंसं वाटतं. झोपताना मी तिच्याशी अर्धा तास भांडतो आणि दरवेळी जिंकतो. हे कुणाला सांगू नका.

आईला दाखवू नका.

प्रशील

*

धुळे
१९ ऑक्टोबर २०२४

चि. प्रशील,
जयभीम.

पुन्हा निळं पेन, पुन्हा मुंग्या.

मूठभर आणि चिमूटभर यातला फरक दोन रोपं मरून तुला कळला, स्वस्तात कळला. मेथी पुन्हा पेर, महिन्याभरात येते. पुनाशी बोल. त्याने सांगितलं ते बरोबर सांगितलं.

आता तुझ्या अटीबद्दल. आईला दाखवायचं नाही, पप्पांना नाही, आणि मला तर दिसत नाही. मग पत्र वाचणार कोण, याचा विचार तू केला होतास का? मी केला. आपल्या शेजारी वरच्या खोलीत, तू गेलास त्याच आठवड्यात, चोपड्याची एक मुलगी भाड्याने राहायला आली, समीक्षा. तुझ्याच कॉलेजात आहे म्हणे. संध्याकाळी माझ्या डोळ्यात औषध टाकायला येते. तिचा आवाज खणखणीत आहे, मला शब्द न् शब्द ऐकू येतो. तुझी दोन्ही पत्रं तिनेच वाचून दाखवली. चांगली वाचते. पहिल्या पत्रात ते चहाचं वाक्य आलं तिथे थांबली आणि उठून पाणी पिऊन आली. दुसऱ्यात ‘सरांच्या पुढेपुढे करते’ इथे जरा खोकली. बाकी कुठे अडखळली नाही.

तिला तू ओळखत असशील तर कळव.

देवचंद नाना

*

वरणगाव
२४ ऑक्टोबर २०२४

नाना,

हे मी काळ्या पेनाने लिहितोय. हे मी मोठ्या अक्षरात लिहितोय. एका कागदावर सहा ओळी मावतायत, मावू द्या.

तीच ती. तुम्ही माझं वाटोळं केलंत.

अख्ख्या धुळ्यात वाचणारं दुसरं माणूस नव्हतं का? माझी पत्रं परत पाठवा. यापुढे हे पत्र तुम्ही स्वतः वाचायचं, भिंग लावून वाचायचं.

ती काय म्हणाली?

प्रशील

*

धुळे
२ नोव्हेंबर २०२४

चि. प्रशील,
जयभीम.

वाचता आलं. पहिल्यापासून असं लिहिलं असतंस तर तुझं वाटोळं टळलं असतं.

ती तुझ्याबद्दल काहीच म्हणाली नाही. औषध टाकलं, बाटलीचं झाकण लावलं आणि विचारलं, “वांग्यांना फूल लागलं का हो?” मी म्हणालो, त्याने लिहिलेलं नाही. तर म्हणाली, बघा, स्वतःबद्दल दोन पानं लिहिली आणि फुलाचं लिहिलं नाही.

मला दुसरंच सांगायचं आहे. माझी साखर वाढली आहे. उजव्या डोळ्याचं डिसेंबरात करतील. तोवर आणि त्यानंतरही काही दिवस लिहिणं बंद. दोन महिने तुला अंगण एकट्याने सांभाळायचं आहे. अडलं तर सुमनबाईला विचारायचं. नुसतं हं हं करायचं नाही.

देवचंद नाना

*

वरणगाव
३ जानेवारी २०२५

आदरणीय नाना,
जयभीम. काळं पेन, मोठं अक्षर.

डोळा कसा आहे? आईने फोनवर बरा सांगितला. आई आता माझा फोन घेते, म्हणजे बघा.

आज मला बरं वाटतंय आणि ते तुम्हालाच सांगायचंय. नोव्हेंबरात अळी आली. रोज सकाळी मान टाकलेले शेंडे खुडले. एका दिवशी एकोणतीस. खुडून खुडून बोटं हिरवी काळी झाली, आणि दुसऱ्या दिवशी आणखी शेंडे माना टाकून तयार. दोनदा वाटलं, नऊच्या नऊ उपटून फेकावीत. एक उपटलंसुद्धा. मग त्याला लागलेली कळी दिसली आणि दिवसभर जेवलो नाही. आठ राहिली. डिसेंबरात फळं धरली. पहिला तोडा चार वांग्यांचा, सुमनबाईंना दिला. दुसरा सहाचा. तिसऱ्याची मी वाट बघत होतो.

पाचव्या झाडावर एक फळ असं वाढलं होतं की बघत राहावं. हिरवं, तुकतुकीत, अंगावर पांढऱ्या रेघा. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत. आणि एक दिवस बघतो तर त्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली. मी सुमनबाईंना विचारलं, ही तुम्ही बांधली का? त्या धुणं वाळत घालत होत्या, म्हणाल्या, “मीच बांधली. त्याले राहू दे बरं, हात नको लावू.” मी हं म्हणालो.

पण नाना, माझ्या डोक्यात तिडीक गेली. फळ चांगलं आलं की लगेच नजर लागते काय? पप्पांच्या नव्या गाडीला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली होती, ती तुम्ही तोडून गटारात फेकली होती. मी सहा वर्षांचा होतो. तुम्ही म्हणाला होतात, आपल्या घरात हे चालत नाही, बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढलंय. ते मी विसरलेलो नाही. आठ झाडं मी घाम गाळून जगवली आणि श्रेय लाल चिंधीला? मी ती ओढून काढली, चुलीत टाकली आणि त्याच दिवशी ते वांगं तोडलं.

लोटनची पिकअप भाजी घेऊन धुळ्याला जाते. काल त्याच्याबरोबर टोपली पाठवली. खाली सात वांगी, सगळ्यात वर ते. समीक्षाच्या नावाने. सोबत चिठ्ठी ठेवली: ‘शेवटपर्यंत नेलं. आता बोल.’

मी जिंकलो, नाना. ती काय बोलते त्याची वाट बघतोय. दर दहा मिनिटांनी मोबाईल बघतो.

तुमचा,
प्रशील

*

धुळे
१० जानेवारी २०२५

चि. प्रशील,
जयभीम.

डोळा बरा आहे. तुझं पत्र मी स्वतः वाचलं. दोनदा वाचलं.

टोपली शुक्रवारी आली. समीक्षाच्या खोलीत चूल नाही, शेगडी नाही, म्हणून ती टोपली आपल्याकडे घेऊन आली. तुझ्या आईने गच्चीवर कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली. मिरची-लसूण कुटून भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली. माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती, धुराजवळ जायची मनाई होती, मला फक्त वास येत होता. मी दोनदा वाढून घेतलं. तुझं कौतुक केलं. मग दाताखाली बी लागलं, टणक. भरताच्या कोवळ्या वांग्यात असं बी लागत नाही. मी विचारलं, यातलं एखादं जून होतं का? आई म्हणाली, सगळ्यात मोठं होतं ते, मान राखून त्याचंच पहिलं भरीत केलं. तेव्हा मला शंका आली. तुझ्या पत्राने खात्री झाली.

ती चिंधी नजरेची नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यात जे फळ सगळ्यात निरोगी, ते खायचं नसतं. त्याला चिंधी बांधतात, म्हणजे चुकून कोणी तोडू नये. ते झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, मऊ होऊ द्यायचं, मग त्यातलं बी धुऊन राखेत वाळवायचं. सुमनबाई माझ्या सांगण्यावरूनच बांधते, दरवर्षी. नूर महंमद फॅक्टरीच्या चिंध्यांतली लाल चिंधी बांधायचा, म्हणून लाल.

पस्तीस वर्षांचं बी आपण सगळ्यांनी मिळून भाजून खाल्लं. त्यात मी दोनदा वाढून घेतलं. भाजलेलं बी उगवत नाही.

मेहरुनला काय सांगू, याचा विचार करतोय.

रागावलो आहे का, तर हो. पण निम्मा माझ्यावर. नजर मानायची नाही एवढं मी तुला शिकवलं. फॅक्टरीत बंद मशीनवर लाल चिंधी दिसली तर तोडायच्या आधी विचारायचं, ही कोणी बांधली आणि का बांधली, हे मी रोज करत होतो. ते तुला शिकवलं नाही. तू ‘कोणी’ विचारलंस. ‘का’ विचारायला तोंड दुखलं.

तुझ्या आईने कॉलेजात चौकशी केली आहे. जूनमध्ये पुन्हा घेतील म्हणतात. तुला सांगू की नको, असं तिने मला विचारलं. मी सांगितलं.

समीक्षाने चिठ्ठी दिली आहे, ती सोबत आहे. मी वाचलेली नाही. आता मला दिसतं, तरी वाचलेली नाही.

देवचंद नाना

*

(सोबतची चिठ्ठी)

प्रशील,

भरीत छान झालं होतं. टोपली सुमनबाईंची आहे असं लोटनभाऊ म्हणाले, ती त्यांच्यासोबतच परत पाठवली आहे.

तू ‘आता बोल’ असं लिहिलंस, म्हणून बोलते. मी तुझी पत्रं मोठ्याने वाचली. माझी चूक झाली, पहिल्याच पत्राला नानांना सांगायला हवं होतं. लाज वाटली, आणि पुढे काय लिहिलंय ते कळावं असंही वाटलं. तुझ्या पत्रांत मी सगळीकडे आहे, पण माझं असं त्यात काही नाही. मी चोपड्याची आहे हे तुला माहीत आहे. माझे वडील दुसऱ्याच्या केळीत कामाला जातात हे माहीत नाही, कारण वर्षभरात तू विचारलं नाहीस. मला ट्रे आपटणं परवडत नाही. त्या दिवशी पाण्याची पाळी तुझी आणि माझी, दोघांची होती. तू आपटून गेलास. उरलेले ट्रे मी पुन्हा भरले, एकटीने, अंधार पडेपर्यंत.

मी म्हणाले होते, शेवटपर्यंत नेऊन दाखव, मग बोल. त्याचा अर्थ टोपली पाठवली की मी मिळेन असा नव्हता. तसा तो निघाला असेल तर ते मी चुकीचं बोलले. माझं उत्तर नाही असं आहे. रागाने लिहीत नाही.

शेंडे खुडल्याचं वाचून मात्र बरं वाटलं. एकोणतीस म्हणजे खूप झाले. मी एवढे खुडले नसते.

समीक्षा

*

वरणगाव
२० जानेवारी २०२५

आदरणीय नाना,
जयभीम.

पाकीट सोळालाच मिळालं. चार दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते तुम्हाला वाचायला लागलं असतं.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांवर चिडलो. तुमच्यावर, तिच्यावर, सुमनबाईंवर, की बाई, पुढे एक वाक्य बोलायचं होतं, ‘बियाण्याचं आहे’ म्हणायचं होतं. हे त्यांना तोंडावर म्हणालोसुद्धा. त्या म्हणाल्या, “वांग्याच्या गावात वांग्याले चिंधी का बांधता, हे तुले सांगा लागते? मले वाटलं तू त शिकेल पोरगा.” मी घरात येऊन तुमचं सप्टेंबरचं पत्र काढलं, त्यात ‘तिला विचार’ असं लिहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी भुसावळला गेलो, मेहरुनमावशींकडे. तुम्ही विचार करत होतात, मी म्हटलं मीच सांगतो. त्यांनी घरामागे रोपांसाठी आळी करून ठेवली आहेत, अकरा. मोजून तुमच्याएवढीच. मी सगळं सांगितलं, चिंधी चुलीत टाकली तेही. त्या हसल्या नाहीत आणि ओरडल्याही नाहीत. म्हणाल्या, अब्बांच्या हातचं आता तेवढंच राहिलं होतं. मग मला चहा दिला. नाना, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी झाडं बघितली. आठातली पाच आता म्हातारी झाली आहेत, फूल धरत नाहीत. पण सातव्या झाडाला खाली, पानांच्या आड, एक फळ आहे. मुठीएवढं. वाकडं, एका बाजूने खरबरीत. मी तोडलं नव्हतं, कारण टोपलीत शोभलं नसतं. अळीचं भोक मात्र नाही, सगळ्या बाजूंनी बघितलं. सुमनबाईंना कुंपणापाशी बोलावलं आणि या वेळी सगळं विचारलं. याचं बी धरता येईल का, किती दिवस ठेवायचं, पाणी किती, पिकलं हे कसं ओळखायचं, राख कशाची. त्या म्हणाल्या, रूप वाईट आहे पण जात तीच आहे. बी थोडं निघेल, निघालं तर. महिना-दीड महिना लागेल. मेहरुनमावशींना मी अजून काही कळवलेलं नाही. आधी बी हातात येऊ दे.

लाल चिंधी घरात नव्हती. कॉलेजचा प्रॅक्टिकलचा पांढरा कोट पिशवीत तसाच होता, त्याची पट्टी फाडून बांधली. जूनचं जूनला बघू. लागला तर नवा शिवीन. आईला एवढंच सांगा.

तिला काही सांगू नका. मी तिला लिहायला बसलो होतो. तीन कागद फाडले. चौथ्यावर विचारलं, तुझे वडील कोणाच्या केळीत जातात? तोही फाडला. आता विचारणं म्हणजे पुन्हा काहीतरी मागणंच झालं असतं.

माझा राग गेलाय असं समजू नका. रोज सकाळी त्या वाकड्या वांग्यासमोर उभा राहतो आणि मनातल्या मनात शिव्या देतो. अशा एका मुठीएवढ्या फळासाठी माणसाने दीड महिना अडकून राहायचं, हे मला पटत नाही. अजून तिचं स्वप्न पडतं. त्यात ती टोपली परत देते आणि टोपली रिकामी असते.

आता पत्र पेटीत टाकायला निघतो. पाचचं टपाल गाठायचं आहे. पुनाच्या दोन शेळ्या समोर कडुनिंबाखाली उभ्या आहेत आणि इकडेच बघतायत. पेनाला टोपण लावतो, उठतो. दार ओढून कडी लावतो आणि फाटकाची साखळी दोनदा अडकवतो.

प्रशील